माटुंग्याच्या मामींचा बाळकृष्ण: तंजावर चित्राबद्दल सल्ला हवा आहे

खिडकीपाशी

मंडळी, चित्रकलेतलं मला काही म्हणजे काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते.

माटुंग्याला आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये एक तमिळ कुटुंब राहायचं. माझा जन्म व्हायच्या आधीपासून. मामा चार वर्षांपूर्वी गेले आणि आता मामी मुलाकडे चेन्नईला कायमच्या गेल्या. टेम्पो भरून झाला तरी हॉलमधला कृष्ण भिंतीवरच. मी म्हटलं, "मामी, हा राहिला." तर म्हणाल्या, "राहिला नाही, ठेवला. तिकडच्या फ्लॅटमध्ये सगळ्या खिडक्याच, त्याला भिंतच नाही. लहानपणी त्याच्यासमोर बसून इडल्या खायचीस ना, मग आता तूच सांभाळ." त्यावर काय बोलणार?

तर चित्र असं. साधारण दोन फूट बाय दीड फूट, पण उचलायला दोन माणसं लागली. मांडी घालून बसलेला गुटगुटीत बाळकृष्ण, हातात लोण्याचा गोळा, बाजूला यशोदा. वर गुंडाळून बांधलेले लाल पडदे, महिरप, दोन झुंबरं. कृष्ण निळा नाही, चक्क गोरापान! दागिने आणि महिरप वर उचललेली, सोनेरी, मध्ये लाल-हिरवे खडे. डोळे एवढे मोठे की लहानपणी मला वाटायचं, हा माझ्या इडलीकडेच बघतोय.

आता दुखणी. दंडावरच्या बाजूबंदाचा एक खडा पडलाय, तो मामींनी कुंकवाच्या करंड्यात जपून ठेवला होता, तोही दिलाय. महिरपीवरचं सोनं एका बाजूला काळपट तपकिरी झालंय. आणि खाली चौकटीजवळ एक फुगवटा आलाय, नखाने हलकं वाजवलं तर पोकळ आवाज येतो.

नवरा म्हणतो काच काढून ओल्या फडक्याने पुसून घे. सासूबाई म्हणतात बटाट्याची फोड फिरव. शेजारच्या वहिनींचं मत टूथपेस्ट. हे सोनं खरं असेल का? आणि दुरुस्त कोण करतं?

तिरपागडे

मी पयला. फोटो दिसत नाहीयेत, फक्त चौकोन दिसतोय. टूथपेस्टवाल्या वहिनींना साष्टांग.

हौशी कुंचला

खिडकीपाशीताई, हातातलं फडकं आधी खाली ठेवा! बटाटाही भाजीत घाला.

मी बारा वर्षं तंजावर चित्रं करते (हौस म्हणून, विकत नाही), त्यामुळे हे चित्र आतून कसं असतं ते सांगते, म्हणजे ओरडले का ते कळेल. हे कागदावरचं किंवा कॅनव्हासवरचं चित्र नाही. तमिळमध्ये याला 'पलगै पडम' म्हणतात. पलगै म्हणजे फळी, पडम म्हणजे चित्र. तर सगळ्यात खाली फळी, जुन्या चित्रांत बहुधा फणसाची किंवा सागाची. तिच्यावर मांजरपाटासारखं कापड चिकटवलेलं. त्यावर खडूची किंवा चुनखडीची भुकटी डिंकात किंवा चिंचोक्याच्या खळीत कालवून दिलेले थर. थर वाळला की गुळगुळीत दगडाने घोटायचं, परत थर, परत घोटायचं. हाताला काचेसारखं लागेपर्यंत.

मग रेखाटन. मग खडे चिकटवायचे. मग त्याच भुकटीचं जरा घट्ट सारण करून ब्रशने थेंब थेंब ठेवत उठाव करायचा. आपण केकवर क्रीम काढतो ना, तसं, पण गव्हाच्या दाण्याहून बारीक. मोत्याची एक सर करायला माझी अख्खी दुपार जाते, आणि मध्ये फोन वाजला की एक मोती भोपळ्याएवढा होतो. उठाव वाळला की वरून सोन्याचा पत्रा डिंकाने बसवायचा, बोथट काडीने खाचाखोचांत दाबायचा, जास्तीचा कापून टाकायचा. रंग त्यानंतर. चेहरा आणि डोळे शेवटी.

आता बघा, यात पाण्यात न विरघळणारं काय आहे? लाकूड आणि सोनं. मधलं सगळं डिंक, खळ आणि खडू. ओलं फडकं फिरवलंत तर सोनं पुसलं जाणार नाही, त्याच्या खालची जमीनच जाईल. माझं पहिलं चित्र मी असंच 'स्वच्छ' केलं होतं. गणपतीची सोंड फडक्यावर आली.

कृष्ण गोरा असण्याचं नवल नको. जुन्या तंजावर चित्रांत गोरा बाळकृष्ण पुष्कळ दिसतो. त्यावरून उलट जुनेपणाची आशा वाटते.

सातारी कंदी

चिंचोक्याची खळ! आमच्याकडे घोंगडीच्या सुताला हीच लावतात. चिंचोके भाजायचे, भिजत घालायचे, वाटायचे, शिजवायचे. आजोळी सगळ्या अंगणाला तो वास असायचा. तंजावरचा देव आणि माणदेशातली घोंगडी एकाच खळीवर उभी आहे, हे वाचून मस्त वाटलं.

लाकूडतोड्या

फुगवट्याबद्दल. पोकळ वाजतंय म्हणजे कापड किंवा वरचा थर फळीपासून सुटलाय. मुंबईच्या पावसात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, वरचा खडूचा थर मात्र ताठ. तो कुठेतरी हात सोडणारच. दाबून बसवायला जाऊ नका, टवका उडेल.

मला काळजी दुसरीच आहे. मागच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसतात का? चौकटीखाली पिठासारखा भुसा पडतो का? चित्राखाली काळा कागद पसरा आणि आठ दिवस बघा. कागद स्वच्छ राहिला तर बहुधा भोकं जुनी, किडे पेन्शनीत गेलेले. ताजा भुसा पडला तर आत कामगार चालू आहेत. तसं असेल तरी स्वतः औषध फवारू नका, ते पुढच्या बाजूला झिरपतं. आणि चित्र आडवं ठेवायची वेळ आली तर तोंड वर करूनच.

ठाणे लोकल

सोनं खरं का खोटं यावर माझा अनुभव. आठ वर्षांपूर्वी एका प्रदर्शनातून गजलक्ष्मी घेतली. विक्रेत्याने '२२ कॅरट' असं लिहिलेला छापील कागदही दिला. तिसऱ्या पावसाळ्यात लक्ष्मीचा मुकुट हिरवा पडायला लागला. सोनं हिरवं पडत नाही, पितळी पत्रा पडतो, एवढी अक्कल तोवर आली होती. फोन केला तर म्हणे, "साहेब, तुमच्याकडची हवाच खराब आहे." ठाण्याची हवा खराब आहे हे मान्य, पण म्हणून सोन्याचं पितळ होतं?

आता हत्तींचे मुकुटही हिरवे झालेत. मुलगी म्हणते पर्यावरणपूरक लक्ष्मी.

हौशी कुंचला

ठाणे लोकल, =)) पण दुखतंय ते कळतंय.

खिडकीपाशीताई, काळपट तपकिरी म्हणजे खोटंच असं समजू नका. चौकटीच्या फटीतून समईची काजळी, उदबत्तीचा धूर वर्षानुवर्षं आत शिरतो आणि खऱ्या सोन्यावर बसतो. कधी नंतर कुणीतरी मारलेलं व्हार्निश पिवळं-तपकिरी होतं. हिरवट झाक किंवा काळे ठिपके दिसले तर मात्र शंका घ्या. आणि सोनं झिजलं असेल तिथे खालचा पांढरा थर डोकावतो. भिंगातून बघा, काचेबाहेरूनच.

वांगीभात

बंगळूरहून लिहितोय. हे म्हैसूर शैलीचं नाही ना, खात्री केलीत का? इकडे बरेच जण दोन्हींची गल्लत करतात. म्हैसूर चित्रात उठाव अगदी हलका, बोट फिरवलं तर जेमतेम जाणवेल इतका (फिरवू नका!), सोन्याचा वर्ख पातळ, आणि सहसा खडे जडवत नाहीत. पूर्वी तिथे फळीवर चिकटवलेल्या कागदावरही काम होत असे. उठावासाठी पांढरा सफेदा आणि रेवणचिन्नी नावाचा पिवळा डिंक. नजर ठरत नाही असं झगझगीत, जाडजूड, खडे लावलेलं असेल तर तंजावर.

माझा कल म्हैसूरकडे, उघड सांगतो. तंजावर म्हणजे लग्नातली नवरी, म्हैसूर म्हणजे तीच नवरी पाचपरतावनाच्या दुसऱ्या दिवशी, हलक्या दागिन्यांत.

खिडकीपाशी

वांगीभात, उपमा आवडली, पण आमचा कृष्ण नवरीच आहे. खडे मोजले, पडलेला धरून एकशे चौदा.

काळा कागद पसरलाय. नवऱ्याच्या हातातलं फडकं काढून घेतलंय.

सह्याद्रीचा कडा

एक गोष्ट कुणी बोललंच नाही. तंजावर म्हणजे भोसल्यांचं राज्य! म्हणजे ही कला मूळची मराठीच. आपण तिला साउथ इंडियन म्हणून मोकळे होतो.

मोडीवाचक

कडेसाहेब, तंजावरचं नाव निघालं की माझाही ऊर भरून येतो, पण 'मूळची मराठी' हे चालणार नाही.

व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं १६७६ च्या सुमारास. त्याआधी तिथे नायक राजे होते, त्यांचे धनी विजयनगरचे. ही चित्रं काढणारी घराणी म्हणजे तंजावर-तिरुचीचे राजू आणि मदुरेचे नायडू. मूळ तेलुगू बोलणारी, विजयनगरची घडी मोडली तसतशी दक्षिणेकडे सरकत आलेली. म्हणजे चितारी तेलुगू, जमीन तमिळ, दरबार मराठी. यातला एक धागा ओढून 'हे आमचं' म्हणायला गेलात तर वस्त्रच उसवेल.

मात्र आज आपण ज्याला तंजावर चित्र म्हणतो त्याचं रूप मराठ्यांच्या आश्रयाखाली घडलं, विशेषतः दुसऱ्या सरफोजींच्या काळात (१७९८ ते १८३२), हे खरं. आणि त्यामागचं कारण मला विलक्षण वाटतं. १७९९ च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीने राज्यकारभार काढून घेतला. राजांकडे उरला किल्ला, आसपासचा मुलूख आणि तनखा. लढायचं कुणाशी आणि कशाने? मग या माणसाने सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, डोळ्यांच्या रुग्णांवर उपचार करवून त्यांच्या नोंदी चित्रांसकट ठेवल्या, 'देवेंद्र कुरवंजी' नावाचं चक्क भूगोल शिकवणारं मराठी नाटक लिहिलं, आणि १८०३ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसल्यांचा अख्खा इतिहास मराठीत कोरून घेतला. चित्रकारांनाही त्याच दरबाराचा आधार.

तुमच्या कृष्णामागची महिरप, बांधलेले पडदे, झुंबरं नीट बघा. ते गोकुळ नाही, दरबार आहे. नंदाच्या घरी झुंबरं कुठून? हेच चितारी राजांच्या तसबिरी काढत, साहेबलोकांसाठी कागदावर निरनिराळ्या जातींची आणि धंद्यांची चित्रंही काढून देत. हात तेच, गिऱ्हाईक वेगळं.

सह्याद्रीचा कडा

मोडीवाचक, मान्य. 'मूळची' मागे घेतो. 'मराठ्यांनी सांभाळलेली' चालेल?

मोडीवाचक

धावेल.

तिरपागडे

आता कुणीतरी सांबार संभाजीराजांवरून आलं हे सांगणार. मी घड्याळ लावून बसलोय.

पुरणपोळी एक्स्प्रेस

मी तेच टाइप करत होते! प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

सातारी कंदी

अवांतर: आमच्या सज्जनगडावरच्या राम, सीता, लक्ष्मणाच्या धातूच्या मूर्ती तंजावरहून आल्या. घडवणारा कारागीर अंध होता असं गडावर सांगतात. लहानपणी ते ऐकून मी डोळे मिटून मातीचा बैल करायला बसलो होतो. बैल झाला नाही. समर्थ संप्रदायाचे मठही तंजावरला होते, म्हणजे इकडून तिकडे राम गेला आणि तिकडून इकडे राम आला.

पुरणपोळी एक्स्प्रेस

माझा भाबडा प्रश्न. एवढं सगळं होतं तर मग ही चित्रं मधल्या काळात गेली कुठे? आईच्या पिढीत कुणाच्या घरी बघितल्याचं आठवत नाही. आता मात्र प्रत्येक इंटिरियरवाल्याच्या तोंडी तंजावर.

मोडीवाचक

१८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र दुसरे शिवाजी पुत्राविना वारले आणि कंपनीने राज्य खालसा केलं. दरबार गेला. मग चेट्टियारांसारखे व्यापारी, भजनमठ यांच्या जिवावर धंदा तगला. भजनमठांतली रामपट्टाभिषेकाची मोठमोठी चित्रं त्यातलीच.

पण मोठा दणका छापखान्याने दिला, आणि त्यात आपल्या मुंबईचा हात आहे. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी-सरस्वती दगडावरून छापून घरोघर पोचल्या. महिनाभर फळी घोटत कोण बसणार? गंमत म्हणजे लोक त्या छापील लक्ष्मीलाही जर, टिकल्या, मणी शिवायचे. सोनं अंगावर असल्याशिवाय देव देव वाटत नव्हता.

गेल्या काही दशकांत परत मागणी आली. २००७-०८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

हौशी कुंचला

मानांकन मिळालं तरी बाजारात फणसाची फळी शोधून दाखवा. आता सर्रास प्लायवूड, आम्हीही तेच वापरतो. खळीऐवजी फेविकॉल, दगडी-वनस्पती रंगांऐवजी पोस्टर कलर आणि ॲक्रिलिक, खडे जयपूरचे. याचं मला वाईट वाटत नाही. प्लायवूड फळीइतकं फुगत नाही, फेविकॉलला कीड लागत नाही. वाईट वाटतं ते तयार साच्यातून काढलेले दागिने चिकटवतात त्याचं. मग मोती सगळे एका मापाचे होतात. जुन्या चित्रात एक मोती भोपळ्याएवढा असतोच, आणि बघा, नजर तिथेच जाते.

दूरदेशी

न्यू जर्सीहून. आमच्याही घरी (सांगलीला) असं एक चित्र आहे, पणजोबांच्या वेळचं. पुढच्या ट्रिपला इकडे आणायचा विचार आहे. चेक-इनमध्ये जाईल का?

लाकूडतोड्या

दूरदेशी, बॅगेचं नंतर, कायद्याचं आधी बघा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं चित्र खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, मग ते पणजोबांचं का असेना. चित्र तेवढं जुनं नाही असं वाटत असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसा दाखला घ्यावा लागतो. विमानतळावर कस्टमवाल्यांना पणजोबांची गोष्ट सांगून उपयोग नाही.

शिवाय न्यू जर्सीतल्या हीटरच्या कोरड्या हवेत त्या फळीचं काय होईल, विचार करा. सांगलीतच बरं आहे ते.

दूरदेशी

बाबांना फोन केला. ते म्हणाले, "मी द्यायला तयारच कुठे होतो?" विषय संपला. वाखुसा (वाचनखूण साठवली).

खिडकीपाशी

मंडळी, अपडेट. उशीर झाला, पण घाई करू नका असं तुम्हीच म्हणाला होतात.

काळ्या कागदावर आठ दिवसांत भुश्याचा कणही नाही. लाकूडतोड्या, किडे पेन्शनीत. मग इथल्याच एकांनी व्यनिमध्ये (खाजगी निरोपात) सुचवल्याप्रमाणे म्युझियममध्ये चौकशी केली, आणि शेवटी चित्रांच्या संवर्धनाचं शिक्षण घेतलेल्या एका बाईंकडे नेलं. त्यांनी काच काढायलाच अर्धा तास घेतला, कारण एका कोपऱ्यात रंग काचेला चिकटलेला. आम्ही काढली असती तर यशोदेचा पदर काचेबरोबर आला असता.

सोनं खरं. काळं होतं ते काजळी आणि व्हार्निश. त्यांनी कापसाच्या बोळ्याने नखाएवढी जागा साफ करून दाखवली, तर इतका वेळ तपकिरी दिसणाऱ्या महिरपीत वेलबुट्टी निघाली! मी चाळीस वर्षं ते चित्र बघितलं, वेल कधी दिसली नव्हती. खडे म्हणजे काच, खाली चमकीचा कागद. नवऱ्याचा चेहरा जरा उतरला, तो माणकांच्या हिशोबात होता.

फुगवट्यात त्यांनी बारीक सुईने चिकट द्रव सोडला आणि वर वजन ठेवून दोन दिवस बसवला. महिरप सगळी झळझळीत करू का, असं विचारलं. मी मामींना व्हिडिओ कॉल लावला. त्या म्हणाल्या, "काजळी माझ्या सासूच्या दिव्याची आहे, थोडी राहू दे." मग डावी बाजू साफ केली, उजवी अर्धवट ठेवली. बाई नाराज दिसल्या, पण हसून हो म्हणाल्या.

आणि मामींनी एक दरडावून सांगितलं. त्याला ट्यूबलाइटखाली बघू नकोस. काल संध्याकाळी समोर समई लावली आणि दिवे घालवले. हौशी कुंचला, तुम्ही उठावाचं एवढं का सांगत होतात ते तेव्हा डोक्यात शिरलं. ट्यूबमध्ये सगळं सोनं एकसारखं पिवळं दिसतं. समईत मात्र प्रत्येक मोत्याची एक बाजू पेटते, दुसरी सावलीत जाते, आणि ज्योत हलली की सगळा दागिना हलतो. चेहरा सपाट, तो तेवढा स्थिर. माझा सहा वर्षांचा भाचा सोफ्यावर होता, हळूच म्हणाला, "मावशी, हा श्वास घेतोय."

हौशी कुंचला

भाच्याला क्लासला पाठवा.

वांगीभात

म्हैसूरवरचं माझं प्रेम अबाधित आहे, पण हे वाचून जरा हललो.

तिरपागडे

सगळं ठीक, पण कुंकवाच्या करंड्यातला खडा बसवला की नाही?

खिडकीपाशी

बसवला. कुंकू काही निघालं नाही त्याचं, बाईंनी बराच प्रयत्न केला. मूळचा हिरवा होता म्हणे, आता बाजूबंदात एकटाच तांबूस दिसतो. फोटो परत टाकतेय, या वेळी दिसतोय का सांगा.

तिरपागडे

चौकोनच दिसतोय.